करवत दाबायची नसते

वर्गात मुले अभ्यास टाळताना दिसली की मी एक वाक्य हमखास वापरायचो. "नहीं पढोगे तो जिंदगीभर रंदा मारते बैठोगे." वीसएक वर्षांच्या नोकरीत हे किती वेळा बोललो असेन याचा हिशेब नाही. माझ्या उस्तादांनी ते मला ऐकवले होते, मी पुढच्यांना ऐकवत राहिलो. तीन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात हेच बोलून मी फळ्याकडे वळलो आणि मागून हसू फुटले. वळून पाहिले तर सगळा वर्ग एका मुलाकडे बघून हसत होता. त्याचे वडील मिस्त्री आहेत हे वर्गाला ठाऊक होते. मला नव्हते. मुलाने मान खाली घातली नाही, तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. तास संपेपर्यंत मला उर्दूचा एक शेरही नीट समजावता आला नाही.

नंतर शिपायाने सांगितले की आदल्या मे महिन्यात शाळेच्या मोडक्या बाकांना नवे पाय त्याच मुलाच्या वडिलांनी लावले होते. म्हणजे मी ज्या हुनरची भीती घालत होतो, त्यावरच वर्ग बसला होता.

मुलाची माफी त्या दिवशी मागायला हवी होती. मागितली नाही. मास्तर लोकांना ते जड जाते. मी दुसरा रस्ता काढला. घरात अम्मीची एक जुनी रेहल होती, कुरआन ठेवायची लाकडी घडवंची. तिच्या बिजागरीचा एक दात तुटला होता. ती पिशवीत घालून मी मिस्त्रींच्या दुकानी गेलो.

त्यांनी रेहल हातात घेतली, उघडली, मिटली आणि म्हणाले, "सर, ये एकीच लकडी का है. जोड नै इसमें." तोपर्यंत माझा समज होता की दोन फळ्या बिजागरीने जोडल्या की रेहल होते. जुन्या पद्धतीची रेहल एकाच फळीतून निघते. फळी मध्ये जाडीतून चिरत आणतात, बिजागरीचे दात आतल्या आत कोरतात आणि मग ती फळी पुस्तकासारखी उघडते. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. चाळीस वर्षे घरात वापरलेली वस्तू, आणि ती कशी बनते हे मला माहीत नव्हते. तुटलेला दात परत लागत नाही, असे त्यांनी सांगितले. मी निघालो नाही. विचारले, "मेरेकू सिखाओगे क्या?"

ते हसले. मी मस्करी करतोय असे त्यांना वाटले. मग म्हणाले, "इतवार कू फजर के बाद आव."

असा मी चाळिशी ओलांडल्यावर सुतारकामाचा शागिर्द झालो. त्यातून जे कळले ते लिहितो आहे, कारण मला वाटते की हे आपल्या शाळांमध्ये शिकवले पाहिजे, आणि मुलांच्या आधी आम्हा शिक्षकांना शिकवले पाहिजे.

पहिले तीन रविवार मला करवतीला हात लावू दिला नाही. फक्त मोजायचे आणि रेघ मारायची. पहिली अडचण तिथेच. मी सेंटिमीटरमध्ये वाढलेला, मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण सव्वातीन मिलिमीटर. "साडेसात इंच दो सूत" हे त्यांच्या तोंडून सहज निघते, मला मनात अपूर्णांक मांडावे लागतात. गंमत अशी की आमच्या वर्गातली जी मुले पाव आणि अष्टमांश यांत गोंधळतात, त्यांच्यातलीच काही घरी बापाला टेप धरून देतात आणि तिथे चुकत नाहीत. गणिताच्या सरांना हे सांगितले तर ते म्हणाले, "त्याचा पेपरशी काय संबंध?" काही बोललो नाही.

मग गुण्या. काटकोन पाहायचे ते साधे हत्यार. मिस्त्रींनी मला विचारले, "ये सही है ये कैसा मालूम करते?" मी गप्प. त्यांनी फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारली, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारली. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुसरे मोठे हत्यार नको, कंपनीचे प्रमाणपत्र नको, हत्याराची परीक्षा त्याच हत्याराने. बीएडला मूल्यमापनावर आम्हाला एक अख्खा पेपर होता. त्यात इतके स्वच्छ उदाहरण नव्हते.

चौथ्या रविवारी करवत मिळाली आणि माझी फजिती सुरू झाली. मी जोर लावला. पाते वाकले, काप तिरका गेला, घाम आला. मिस्त्री लांबून बघत होते. म्हणाले, "सर, आरी कू दबाओ नक्को. उसका वजन उसकू काफी है. तुम खाली रस्ता दिखाओ." करवतीचे दात पुढे ढकलताना कापतात, मागे येताना नाही. सुरुवातीला अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन दोन-तीन वेळा हलकेच मागे ओढायचे, खाच पडली की मग लांब हात. पात्याची सगळी लांबी वापरायची. आणि रेघ कापायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूने जायचे, कारण करवतीलाही जाडी असते आणि ती लाकूड खाते. माझे पहिले सहा तुकडे सुताने नव्हे, पाव-पाव इंचाने आखूड निघाले. मिस्त्री म्हणाले ते चुलीला चालतील.

नवशिक्याने काय आणावे, असे मला आता लोक विचारतात. फार काही नाही. टेप, गुण्या, बारीक दातांची एक करवत, एक छोटा रंधा, एक अर्ध्या आणि एक पाऊण इंची पटाशी, हातोडी, पोलिश कागद आणि धार लावायचा निसणा. यात लोक निसणा विसरतात आणि तोच पहिल्यांदा घ्यायला हवा. बोथट पटाशीनेच हात कापतो, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. माझ्या डाव्या अंगठ्यावर याचा पुरावा आहे. दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम मला तीनदा सांगितला गेला होता. मी तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा रक्त येत होते. हत्यारे नवी चकचकीत घेण्याची हौस पहिल्या वर्षी करू नये. लाकूडही सागाचे नको. वखारीत जुन्या पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या मिळतात, पाइनच्या, मऊ. त्यांवर शिकावे. गाठीला रंधा अडकला की मुकाट्याने बाजू बदलावी. आपल्याकडे बाभूळ मुबलक आहे, पण ती नवशिक्याची नाही. गाडीची चाके, वखर, तिफण यांच्यासाठी मराठवाड्यातल्या सुतारांनी बाभूळच वापरली, कारण ती मार खाते. करवतीलाही ती तसाच मार देते.

रंध्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझे वाक्य रंध्याचेच होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते हे बैलाचे काम आहे, मागे-पुढे, मागे-पुढे. प्रत्यक्षात रंधा मारण्याआधी लाकूड वाचावे लागते. फळीच्या कडेला तिच्या रेषा दिसतात, त्या कोणत्या दिशेने वर चढतात ते पाहायचे आणि त्या दिशेने रंधा न्यायचा. उलट नेला तर रंधा लाकूड सोलत नाही, उपटतो, आणि जिथे गुळगुळीत हवे तिथे खड्डे पडतात. मिस्त्री म्हणाले, "बकरी के पीठ पे हात फिराओ. सीधा फिराए तो चुप रैती, उल्टा फिराए तो बाल खडे होते." मग पाते किती बाहेर काढायचे ते. रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून, तळाच्या रेषेत बघायचे. पाते केसाइतके दिसले पाहिजे. सुरुवातीला पुढच्या हाताचा भार, शेवटी मागच्या हाताचा, नाहीतर फळीची दोन्ही टोके झिजतात आणि मध्ये पोट राहते. आठ-दहा रविवारांनंतर माझ्या रंध्यातून पहिल्यांदा सलग, पातळ, कागदासारखे छिलके निघाले. मी ते खिशात घालून घरी आणले आणि मुलीला दाखवले. तिने ते पुस्तकात खूण म्हणून ठेवले आहे.

भाषेचा मास्तर असल्याने माझे कान दुसऱ्याही गोष्टीकडे होते. रंधा फारसी रंदा. गुण्या फारसी. भोके पाडायचा बरमा फारसी, चिकटवायचा सरस फारसी, ठोकायची मेखही फारसी. करवत मात्र संस्कृत करपत्र, आणि सुतार म्हणजे सूत्रधार, दोरी धरणारा. मिस्त्री हा शब्द तर पोर्तुगीज मेस्त्र. एका गोणपाटाच्या पिशवीत इतक्या भाषा कुरबुर न करता राहतात. आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उर्दू सरकारदरबारची भाषा होती, हे आपण इतिहासात सांगतो आणि पुरावा म्हणून जुने कागद दाखवतो. मी आता आठवीला रंधा दाखवतो. मराठी शिकवताना आणि उर्दू शिकवतानाही.

आता शाळेकडे येतो, कारण माझे म्हणणे शाळेबद्दल आहे.

आपल्याकडे कार्यानुभव नावाचा विषय होता आणि नावापुरता राहिला. बीएडला मी त्याची एक फाईल केली होती. क्रेप कागदाची फुले, काडेपेटीचे घर, भरतकामाचा एक नमुना, जो माझ्या बहिणीने करून दिला. मला त्यात चांगले गुण होते. नोकरी लागल्यावर मी वर्षानुवर्षे मुलांना त्या विषयाच्या श्रेण्या भरून दिल्या. एका मुलाच्याही हातात त्यासाठी करवत दिली नाही. कुठल्या अधिकाऱ्याने मला तसे करायला सांगितले नव्हते. ते माझेच काम होते.

हे असे व्हायला नको होते, असे ठरवणारी माणसे आपल्याच राज्यातल्या वर्ध्यात 1937 साली जमली होती. ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बुनियादी शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामियाचे, पुढे 1967 मध्ये देशाचे राष्ट्रपती झालेले. त्यांचा जन्म 1897 चा, हैदराबादचा, म्हणजे आमच्या परभणीच्या तेव्हाच्या राजधानीचा. समितीने हस्तोद्योगाभोवती सात वर्षांचे शिक्षण मांडले, त्यात सूतकताई आणि विणकाम होते, शेती होती, सुतारकामही होते. झाकिर हुसेन बर्लिनहून पीएचडी करून आलेले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टायनर यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. या केर्शेनश्टायनर यांचे एक उदाहरण मला फार आवडते. मुलांनी पक्ष्यासाठी लाकडी घरटे बनवायचे. पक्षी किती मोठा, फळी किती लागेल, कुठे कापली तर वाया कमी जाईल, हे आधी डोक्यात आणि कागदावर. मग हाताने करायचे. मग आपणच तपासायचे की जोड बसला का, माप चुकले का. शिक्षकाने लाल पेन चालवायची गरज नाही. फळी खोटे बोलत नाही.

झाकिर हुसेन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शाळा चालावी, या कल्पनेवर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढतील आणि शिकणे बाजूला पडेल, हा धोका त्यांनी आणि समितीने स्पष्ट मांडला. मुस्लिम लीगने त्या योजनेला वेगळ्या कारणांनी विरोध केला, राजकारण तापले, आणि त्या भांडणात रंधा-करवत कुठेच राहिली. आपल्या समाजात वर्धा योजनेची आठवण निघाली तर आजही ती त्या भांडणाचीच निघते. एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने सुतारकाम अभ्यासक्रमात आणले होते, ही आठवण कुणी काढत नाही.

नंतरच्या काळातही हे करून दाखवणारे लोक झाले. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला. मुले वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी करत विज्ञान शिकतात. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली, असे लिहिले आहे. त्या कारागिरांच्या यादीत सुतार पहिला आहे. बहुतेक शाळांत ते दहा दिवस सहल, चित्रकला आणि भाषण यांत संपतील अशी मला भीती आहे. आमच्या शाळेत तसे होऊ नये म्हणून मी प्रस्ताव मांडला: दहा दिवस मिस्त्री शाळेत येतील, त्यांना रोजच्या मजुरीइतके मानधन द्यायचे, हजेरीपटावर त्यांचे नाव पाहुणे शिक्षक म्हणून लागेल, आणि मुले एकच वस्तू बनवतील. तख्ती.

तख्ती आताच्या मुलांनी पाहिलेली नाही. हाताएवढी लाकडी पाटी, वर मुठीला दांडा. तिला मुलतानी माती फासून उन्हात वाळवायची, बरूच्या कलमाने काळ्या शाईत अलिफ-बे घोटायचे, मग धुऊन परत माती. उर्दू शाळांतून पिढ्यान् पिढ्या अक्षर असेच घडले. बॉलपेनने उर्दूचे नस्तालिक अक्षर बिघडते, अक्षरांची जाडी-बारीकी त्यात येतच नाही, हे माझे जुने रडगाणे आहे. बनवायला तख्ती सोपी: एक फळी मापात कापणे, चार कडा काटकोनात आणणे, दोन्ही तोंडे रंध्याने सपाट करणे, मूठ कोरणे, पोलिश कागद. सुतारकामाचा पहिला धडा आणि उर्दूचा पहिला धडा एकाच फळीवर.

पालकसभेत हे मांडले तेव्हा बाकीचे गप्प होते. एक आई उठली. तिचा मोठा मुलगा दहावीनंतर पुण्याला फर्निचरच्या कामावर गेलेला. ती म्हणाली, "सर, हम बच्चे कू इसीच से बचाने कू स्कूल भेजते. तुम स्कूल में बी वोईच देते क्या?"

याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते आणि आजही पूर्ण नाही. ती बाई बरोबर आहे. ज्या मोहल्ल्यातून मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी गॅरेजवर, बेकरीत, फर्निचरच्या दुकानात जातात, तिथे हस्तोद्योगाचे गोडवे गाणे सोपे असते ते आमच्यासारख्या पगारदारांना. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, तरी ते होते, आणि घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करण्याची कायद्यात सूट आहे, तिचा अर्थ कोण कसा लावतो हे सगळ्यांना माहीत आहे. मिस्त्रींच्या धंद्याचेही मी रम्य चित्र काढणार नाही. सागाची चौकट, शिसवी पलंग ही कामे आता महिन्यातून एखादे. उरलेले सगळे प्लायवूड, सनमायका, आणि तयार फर्निचरच्या दुकानाशी भावात झुंज. लाकडाची धूळ छातीत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवली आहे, आणि आमच्या बाजारात एकही मिस्त्री मास्क लावत नाही. मी त्यांना आणून दिला. तो खिळ्याला टांगलेला आहे.

तरी माझे मत बदलले नाही, थोडे वळले. त्या बाईला भीती होती की हे शिकवणे गरिबाच्या मुलाला तिथेच ठेवण्यासाठी आहे. म्हणून ते फक्त गरिबाच्या मुलाला शिकवता कामा नये. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळांत आता लाकूड, मोटर, सर्किट यांच्या खोल्या असतात, त्यांची फी घेतात आणि त्याला कल्पकता म्हणतात. तीच गोष्ट उर्दू शाळेत केली की मजुरी होते. फिनलंडने 1866 पासून हस्तकाम सगळ्याच मुलांना शाळेत ठेवले, पुढे डॉक्टर होणाऱ्यांनाही. फरक हत्यारात नाही, कोण शिकतो आणि का शिकतो यात आहे. मी सभेत सांगितले की पहिल्या तुकडीत माझी मुलगी असेल, आणि इतर शिक्षकांनीही आपली मुले पाठवावीत. दोन शिक्षकांनी पाठवली. बाकीच्यांची मुले आमच्या शाळेत शिकतच नाहीत, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी पूर्वी लिहून शिव्या खाल्ल्या आहेत.

ज्यांना खरेच या धंद्यात जायचे आहे त्यांच्यासाठी रस्ते आहेत. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे: पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, त्यात रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्या, अठरा वर्षांवरच्या माणसासाठी आहे. मिस्त्रींना मी त्याची माहिती मोबाईलवर वाचून दाखवली, कारण त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आपल्या मोहल्ल्यात पदवीधर कमी नाहीत. दुकानादुकानात जाऊन हे वाचून दाखवायला एक संध्याकाळ लागते.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. खुतब्यात आपण ऐकतो की हजरत झकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. मस्जिदे नबवीतला मिंबर एका सुताराने बनवला, झावाच्या लाकडाचा, हे बुखारीत आहे. नूह अलैहिस्सलामांची नौका फळ्या आणि मेखांची होती. हे सगळे ऐकून आपण सुबहानअल्लाह म्हणतो, आणि रिश्ता आला की विचारतो, "लडका क्या करता? मिस्त्री? बस?" आपल्यात जातपात नाही म्हणणारे लोक बिरादरी विचारताना मी पाहिले आहेत. मी स्वतः वीस वर्षे वर्गात उभा राहून तेच विचारत होतो, फक्त वाक्य वेगळे होते.

दहा दिवस झाले. चाळीस फळ्या आणल्या होत्या. नऊ फुटल्या, त्यातल्या दोन माझ्या हातून. एकतीस तख्त्या झाल्या, त्यातल्या सात-आठ खरोखर चौकोनी. माझ्या मुलीने करवत मागितली तेव्हा मिस्त्री क्षणभर थबकले, मग तिला अंगठ्याचा आधार कसा द्यायचा ते दाखवले. कुणाचे बोट कापले नाही, याचे श्रेय निसण्याला. एका मुलाने मला विचारले की पावसाळ्यात आमचा दरवाजा का अडकतो, आणि मिस्त्रींनी वाळलेल्या आणि भिजलेल्या दोन तुकड्यांवर टेप लावून त्याला दाखवले. आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. परभणीच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, तेच लाकूड परत आकसते, म्हणून मिस्त्री दार बसवताना आधी महिना विचारतात.

त्या मुलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. तो आता अकरावीला आहे. त्याला सुतार व्हायचे नाही, बापाने फार आग्रहही केला नाही. मी त्याची माफी मागितली ती दुकानातच, दोन वर्षे उशिरा. तो लाजून "ठीक है सर" म्हणाला आणि चहा आणायला गेला. रविवारी तो क्वचितच दुकानात येतो. गेल्या महिन्यात आला होता. मी एका फळीवर झटत होतो, नव्या रेहलसाठी, यावेळी एकाच लाकडातून. तिसरा प्रयत्न, आधीचे दोन बिजागरीपाशी तडकले. त्याने विचारले नाही, फळी उचलली, डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून कडेवरून पाहिले.

"सर, बीच में पेट है," तो म्हणाला, आणि रंधा माझ्याकडे सरकवला.